लांबचं तिकीट

विमानतळाच्या काउंटरवरच्या मुलीनं दोन कागद पुढे सरकवले आणि शंकरराव गजभियांनी ते दोनदा मोजले. ते एकच कागद घ्यायला आले होते. वॉशिंग्टनच्या डलेसहून अटलांटा, हा पहिला, बरोबर. दुसऱ्यावर अटलांटाहून राली. नाव दोन्हींवर त्यांचंच. "यू हॅव अ‍ॅन अवर इन अटलांटा, सर. प्लेंटी ऑफ टाइम," मुलगी हसून म्हणाली. शंकरराव "थँक यू" म्हणाले, कागद कोटाच्या आतल्या खिशात घातले आणि बाजूला झाले. विचारलं काहीच नाही. विचारलं की समोरचा सावध होतो, हे त्यांना सरकारी बोर्डात बावीस वर्षं काढून पक्कं ठाऊक झालं होतं. माणसाला विचारू नये, कागद वाचावा. माणूस खोटं बोलतो, कागदाला ते नीट जमत नाही. आणि हा कागद स्वच्छ सांगत होता की त्यांच्या मुलीनं, दीक्षानं, त्यांना अटलांटाला स्वतःच्या घरी बोलावलं होतं ते दाखवण्यापुरतं. खरं त्यांना जायचं होतं रालीला. आणि रालीला विवेकखेरीज दुसरं कोण होतं? तिथल्या विमानतळापासून दहा मिनिटांवर मॉरिसव्हिल, आणि मॉरिसव्हिलमध्ये त्यांचा मुलगा, ज्याच्याशी ते तीन वर्षांत धड चार वाक्यं बोलले नव्हते.

खिडकीजवळची जागा होती. पट्टा आवळून ते बसले आणि दीक्षाचं फोनवरचं बोलणं एकेक वाक्य काढून उजेडात धरायला लागले. "बाबा, आता कागदाचं तिकीट नसतं, काउंटरवर फक्त लायसन्स दाखवायचं." तिकीटच नाही! म्हणजे आधी वाचायलाच मिळू नये. "बॅग चेक-इन करू नका हां, एकच छोटी घ्या, हातातच ठेवा." का? महिना-दोन महिने राहायला येणाऱ्या माणसाला कुणी एकच छोटी बॅग घ्या म्हणतं? "आणि बाकी काय काय छापलेलं असतं ते वाचत बसू नका, तुम्हाला सवय आहे. अटलांटाला उतरा की झालं." हे म्हणताना ती हसली होती. आता ते हसूही त्यांना जरा घाईचं वाटलं. कुठंतरी पाणी मुरत होतं आणि ते घर सोडण्याआधीच आपल्याला कसं कळलं नाही, याचाच त्यांना जास्त राग आला. बायको, प्रतिमा, जाऊन दीड वर्ष झालं होतं. दीड वर्ष दीक्षा दर रविवारी फोनवर म्हणत होती, बाबा, अल्फारेटाला आमच्या घरी या, खाली वेगळी खोली आहे, बघा आवडलं तर, नाहीतर परत जा. दीड वर्ष त्यांनी 'बघू' म्हणत काढलं होतं. गेल्या आठवड्यात त्यांनी आपल्या अ‍ॅशबर्नच्या घरातल्या कुंड्या शेजाऱ्यांना देऊन टाकल्या, त्याही परत न मागण्याच्या बोलीवर. मुलीला अजून सांगितलं नव्हतं, पण ते 'हो' म्हणायला निघाले होते. आणि आता खिशातला कागद सांगत होता की इकडे बहीणभावाची आधीच बोलणी झालेली आहेत. थोडे दिवस तू ठेव, थोडे दिवस मी. किंवा तेही नाही; तूच ठेव, मला जमणार नाही, मी नुसतं तिकीट काढून देते.

दुसरा काही अर्थ निघत असता तर त्यांनी काढला असता. अर्थ काढणं हीच तर त्यांची भाकरी होती. त्रेपन्न साली ते नागपूरहून वॉशिंग्टनला शिकायला आले, नागरिकत्वाचा कागद हाती पडेपर्यंत एका वकिलाच्या कचेरीत विमान कंपन्यांचे अर्ज लावत बसले, आणि मग सरकारच्या विमानवाहतूक बोर्डात लागले. त्या काळी या देशात कुठलं विमान कुठून कुठं उडेल आणि बसणाऱ्याकडून काय भाडं घेईल, हे कंपनी ठरवत नसे. बोर्ड ठरवत असे. दोन गावांच्या मधे नवीन विमान सुरू करायचं म्हटलं की कंपनीनं सिद्ध करायचं की याची जनतेला सोय आहे आणि गरज आहे. मग वर्ष वर्ष सुनावण्या चालत. कुठल्या तरी आडगावचा महापौर शाळेतल्या बँडसकट हजर होई, डोळ्यांत पाणी आणून गावाची गरज सांगे. शंकररावांचे वरिष्ठ, होल्कम नावाचे एक वाळकुडे गृहस्थ, पेन्सिलीचं टोक कानात फिरवत त्यांना म्हणत, गॅजबी, जो जनतेचं नाव घेतो त्याच्या मागे कोण उभं आहे ते बघ. शंकरराव बघत, आणि कुणीतरी उभं असेच. महापौराच्या मागे हॉटेलवाला, हॉटेलवाल्याच्या मागे कंपनी, कंपनीच्या मागे तिचीच मोठी बहीण. बावीस वर्षं त्यांनी गरजेचे अर्ज वाचले आणि एकाही अर्जात त्यांना निव्वळ गरज सापडली नाही. त्यामुळे मुलगी जेव्हा म्हणाली की बाबा, आम्हालाच तुमची गरज आहे, तेव्हा त्यांचा हात आपसूक पान उलटायला गेला होता.

पण बोर्डावर त्यांचा जीव होता. तो कशासाठी, हे त्यांनी ऑफिसात कधी कुणाला सांगितलं नाही. सांगून कळलंही नसतं. भंडाऱ्याकडच्या त्यांच्या गावात वाण्याच्या दुकानात भाव पाटीवर नसे. भाव माणसाचं तोंड बघून ठरे. पाटलाच्या पोराला गूळ एका भावानं, आणि ओट्याखाली उभ्या असलेल्या शंकरला दुसऱ्या, तोही वरून धोतराच्या सोग्यात टाकलेला, हाताला हात लागू नये म्हणून. बाराव्या वर्षी वडिलांबरोबर ते पहिल्यांदा तुमसर रोड स्टेशनात गेले आणि भिंतीवर भाड्याचा तक्ता पाहिला. नागपूरचं तिसऱ्या वर्गाचं भाडं छापलेलं. वडिलांनी पैसे दिले, बाबूनं तोंड न बघता तिकीट फेकलं. पुढचे पाटील होते, त्यांनाही तेवढंच. पोरगं त्या तक्त्याकडे असं बघत राहिलं की वडिलांना बखोट धरून ओढावं लागलं. आणि त्या पोराला पुढे नशिबानं म्हणा, अक्कलहुशारीनं म्हणा, सगळ्या अमेरिकेचा असा तक्ता राखायची नोकरी मिळाली! मैल मोजायचे, सूत्रात घालायचे, भाडं बाहेर. लांबच्या गावाला जास्त, जवळच्याला कमी. वाटेतल्या गावासाठी पुढच्या गावापेक्षा जास्त घ्यायचं नाही, हा नियम तर रेल्वेच्या जमान्यापासूनचा, शंकररावांच्या जन्माच्या आधीचा. त्यांच्या लेखी तो दिवस-रात्रीसारखा होता. म्हणूनच तर राली खटकत होतं. नकाशावर ते वॉशिंग्टनला जवळ, पण अटलांटावरून वळसा घालून गेलं की मैल दीडपटीच्या वर. दीक्षाला ते अटलांटालाच हवे असते तर पदरमोड करून तिनं पुढच्या गावाचं तिकीट कशाला काढलं असतं?

चौऱ्याऐंशीच्या शेवटाला बोर्ड बंद झालं. बाजार मोकळा, ज्याला जे भाडं घ्यायचं ते घ्या. शंकररावांची बदली दुसऱ्या खात्यात झाली, टेबल मिळालं, खुर्ची मिळाली, पण भाड्यांकडे बघणं त्यांनी त्या दिवसापासून सोडलं. विधवेनं हळदीकुंकवाला जाणं सोडावं तसं सोडलं. आणि पुढे मुलानं काय करावं? विवेक रालीजवळच्या एका कंपनीत लागला आणि विमानांची भाडी क्षणोक्षणी बदलणारी प्रोग्रामं लिहायला लागला. तीन वर्षांपूर्वी अ‍ॅशबर्नच्या घरात जेवताना त्यांनी त्याला विचारलं होतं, शेजारी शेजारी बसलेल्या दोघांचं भाडं वेगळं कसं असतं रे? विवेक उत्साहानं सांगायला लागला. "बाबा, कॉम्प्युटर बघतो की हा माणूस कोण आहे, बिझनेसवाला आहे की फॅमिली, कधी बुक करतोय. प्राइस म्हणजे काय, समोरचा जेवढं देईल तेवढी." शंकररावांनी घास खाली ठेवला. "आमच्या गावचा वाणीही हेच म्हणायचा." त्यावर विवेकनं काटा ठेवला. "नॉट एव्हरीथिंग इज कास्ट, बाबा." मग जे बोलायला नको होतं ते तो मराठीत बोलला, तोडक्यामोडक्या मराठीत, म्हणून जास्तच लागलं. "तुमच्या बोर्डाच्या वेळी सगळ्यांना भाडं सेम होतं. करेक्ट. पण तेवढे पैसे आपल्याकडे नव्हतेच ना! आईची आई, गिरजाआजी वारली तेव्हा आईला इंडियाला जाता आलं नाही. ती बेसमेंटमध्ये रडायची, मी बघितलंय. आता टॅक्सी ड्रायव्हरसुद्धा आईला भेटायला जाऊन येतो, यार." प्रतिमा मधे काहीच बोलली नाही. ती उठून ताटं उचलायला लागली. शंकररावांना त्या वेळी मुलाच्या बोलण्यापेक्षा बायकोचं ते न बोलणं जास्त झोंबलं. ही त्याच्या बाजूची. किती वर्षांपासून असेल?

विमान अटलांटाला टेकलं तेव्हा घड्याळात बारा चाळीस झाले होते. दाराबाहेर गेटजवळ न्यायला आलेली माणसं उभी होती, हातात फुगे, कडेवर पोरं. शंकररावांनी एकेक चेहरा पाहिला. दीक्षा नव्हती. ते भिंतीजवळच्या खुर्चीवर बॅग मांडीवर घेऊन बसले. पाच मिनिटं, दहा मिनिटं. फुगे गेले, पोरं गेली, गेटवरची बाईसुद्धा खुर्ची सरकवून निघून गेली. पंधरा मिनिटं. ती येणार नव्हतीच, हे आता उघड होतं; यायचंच असतं तर पुढचं तिकीट कशाला काढलं असतं? एकदा वाटलं, फोन करावा. पण फोन करून काय म्हणायचं? तुझा बेत मला कळला? आणि ती म्हणाली, कसला बेत, तर? तिच्या आवाजात आपण काय शोधत बसू, हे त्यांना माहीत होतं. जन्मभर तेच केलं होतं. मराठी मंडळाच्या पहिल्या कार्यक्रमात एका सदाशिवपेठी बाईंनी विचारलं होतं, "गजभिये म्हणजे... नागपूरकडचे का?" आणि त्या 'म्हणजे'नंतरच्या श्वासात शंकररावांनी सगळं वाचलं होतं. चूक वाचलं होतं असंही नाही. त्यानंतर त्या घरून प्रतिमाला संक्रांतीचं बोलावणं आलं नव्हतं. पण पुढे दुसऱ्या कुणाचं आलं, तिसऱ्या कुणाचं आलं, आणि दर वेळी ती साडी नेसून जिन्यात उभी राहिली की हे वर्तमानपत्राआडून विचारायचे, "तुला कशाला बोलावलं असेल त्यांनी?" एवढंच. रागानं नव्हे, सहज. ती म्हणायची, अहो, तिळगूळ द्यायला. हे 'हं' म्हणायचे. ते 'हं' ऐकून एका वर्षी ती परत वर गेली आणि साडी बदलून खाली आली. ताक फुंकून पिणाऱ्या माणसाच्या घरात बाकीच्यांनाही ताक गारढोण प्यावं लागतं, हे त्यांच्या लक्षात यायला ती जावी लागली.

वीस मिनिटांनी ते उठले. जमिनीखालच्या गाडीनं दुसऱ्या इमारतीत गेले, रालीचं गेट शोधलं आणि रांगेपासून जरा लांब उभे राहिले. पाठवताय ना? मग जातो. तुमच्या मनासारखं होऊ दे. विवेकच्या दारात उभा राहतो आणि बघतो तो काय तोंड करतो ते. तेवढ्यात वरच्या भोंग्यातून त्यांचं नाव आलं. गोंगाटात बाकीचं काही कळलं नाही, नुसतं "पॅसेंजर गॅजबी... प्लीज..." आणि पुन्हा "गॅजबी". सगळे बसले वाटतं, आपलीच वाट बघतायत. ही घाईसुद्धा त्यांना ठरवून केलेली वाटली. त्यांनी दुसरा कागद दाखवला आणि आत गेले. दार बंद होईपर्यंत ते मान वळवून मागे बघत होते. कुणी धावत येईल असं वाटून, हे त्यांनी कबूल केलं नसतं.

रालीचा प्रवास तासाभराचा. खाली लाल मातीचे तुकडे आणि पिवळी पडलेली झाडं. या तासात त्यांनी विवेकशी बोलायची वाक्यं जुळवली, मोडली, पुन्हा जुळवली. तो गेटवर उभा असेल, चेहऱ्यावर कर्तव्य घेऊन. "चला बाबा" म्हणेल, इंग्रजीत. आपण म्हणायचं, किती दिवसांचं ठरलंय? नाही, असं नको. आपण म्हणायचं, तुमचं ठरलंय ते मला मान्य आहे, फक्त माझ्या तोंडावर सांगायला हवं होतं. हे बरं होतं. यात मान राहत होता. विमान उतरलं, ते कोटाची बटणं लावून बाहेर आले, आणि गेटवर कुणी नव्हतं.

आधी त्यांना वाटलं, उशीर झाला असेल. मग वाटलं, खाली असेल. खाली गेले. सामानाचा पट्टा रिकामा फिरत होता, गाडीच्या चाव्या हातात खेळवत एक काळा ड्रायव्हर कुणा मिस्टर डेव्हिसची पाटी धरून उभा होता. शंकररावांनी ती पाटी दोनदा वाचली. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, रस्त्याकडेला एकेक गाडी थांबायची, माणूस उचलायची, निघून जायची. अर्धा तास ते उभे राहिले आणि मग एकदम त्यांना उमगलं. इथं कुणीच त्यांची वाट बघत नव्हतं. कुणी ठरवलंच नव्हतं. शंकरराव गजभिये यांनी रालीला यावं, असं या जगात शंकरराव गजभियांखेरीज कुणाच्याही मनात आलेलं नव्हतं.

खिशातल्या डायरीत दीक्षाचा नवा मोबाइल नंबर होता. सार्वजनिक फोनवरून तो लावताना त्यांची दोनदा चूक झाली. पहिल्याच घंटेला तिनं उचलला.

"बाबा! कुठे आहात तुम्ही? ओह गॉड, बरे आहात ना?"

"बरा आहे. मी... रालीला आहे."

"रालीला? राली? तुम्ही ते विमान घेतलंत?" ती रडत होती, आणि मधेच हसायलाही लागली असावी. "बाबा, हायवेवर अ‍ॅक्सिडेंट झाला होता. मी फक्त पंचवीस मिनिटं लेट होते. गेटवर आले तर तुम्ही नाही. दोन तास झाले मी तुमचं नाव अनाउन्स करायला लावतेय. कंपनीवाले काही सांगत नाहीत, आणि जास्त विचारायचीही चोरी!"

"चोरी कसली?"

"अहो, ते तिकीट तसलंच आहे ना! अटलांटापर्यंतचं महाग होतं. अटलांटावरून पुढे रालीचं घेतलं तर स्वस्त पडतं. मग मधेच उतरायचं आणि पुढचं सोडून द्यायचं. कंपनीला चालत नाही, पण सगळे करतात. म्हणून तर बॅग चेक-इन करू नका म्हटलं, ती पुढे गेली असती."

शंकररावांनी भिंतीला हात टेकला. लांबचं स्वस्त आणि जवळचं महाग. बावीस वर्षांत असा तक्ता कुणी त्यांच्या टेबलावर आणला असता तर त्यांनी तो छपाईची चूक म्हणून परत पाठवला असता.

"मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला एक तास भाषण दिलं असतं. आलाच नसता." मग ती थांबली. ती त्यांची मुलगी होती. तिलाही वाचता येत होतं. "पण बाबा, तुम्ही का गेलात पुढे? मी गेटवर येते म्हटलं होतं ना?" आणि तिनंच पुढे जोडलं. "तुम्हाला वाटलं मी तुम्हाला विवेककडे पाठवून देतेय? मला नकोय तुम्ही, असं वाटलं?"

"वाटलं," ते म्हणाले. खोटं बोलण्याचं बळ उरलं नव्हतं. "वाटलं, दीक्षा. चुकलो."

तिकडे ती नाक पुसत होती. "आईवरपण तुम्ही असाच डाऊट घ्यायचात," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता दमलेपणा होता. शंकररावांना वाटलं, रागावली असती तर बरं झालं असतं. "थांबा तिथंच. मी विवेकला फोन करते."

"नको. मी करतो."

"नक्की करणार? नाहीतर मी ड्राइव्ह करून येते. सहा तास लागतील, येते मी."

"करतो म्हटलं ना."

रिसीव्हर ठेवल्यावर त्यांनी बराच वेळ त्या फोनकडे पाहिलं. शेजारच्या फोनवर एक बाई मोठ्यानं हसत होती. विवेकचा नंबर डायरीत शोधावा लागला नाही. तो त्यांना पाठ होता, तीन वर्षं न लावताही. आज शनिवार, म्हणजे घरी असेल. पलीकडे फोन उचलला तो एका बारीक आवाजानं. पायल असणार, विवेकची पाच वर्षांची मुलगी. आजीच्या अंत्यविधीत तिनं त्यांच्याकडे आईच्या पदराआडून पाहिलं होतं.

"हू इज धिस?"

"आजोबा."

"व्हॉट?"

"ग्रँडफादर."

रिसीव्हर टेबलावर आपटला आणि पावलं धावत लांब गेली. "डॅडी! इट्स समबडीज ग्रँडपा!"

कुणाचे तरी आजोबा. शंकररावांनी डोळे मिटून घेतले. हे त्यांचं त्यांनीच कमावलं होतं.

"हॅलो?"

"मी बोलतोय."

तिकडचा श्वास बदलला. "बाबा? कुठून बोलताय?"

"इथूनच. तुझ्या विमानतळावरून."

"राली? व्हाय? दीक्षा ठीक आहे ना?"

"ठीक आहे. सगळे ठीक आहेत."

मग अगदी हळू, प्रत्येक शब्द पारखून घेत विवेकनं विचारलं, "मग कुणी पाठवलं तुम्हाला? दीक्षानं? काय पाहिजे, बाबा?"

हा आवाज शंकररावांच्या ओळखीचा होता. वर्तमानपत्राआडून जिन्यात जायचा तोच हा. मुलानं त्यांची भाषा अर्धीच घेतली होती, गाव घेतलं नव्हतं, तक्ता तर फाडूनच टाकला होता. पण हे मात्र सगळंच्या सगळं त्याच्याकडे पोचलं होतं. आपण बोललेलं प्रत्येक वाक्य आता तिकडे उजेडात धरलं जाणार, मागे कोण उभं आहे ते शोधलं जाणार. तिकिटाची हकिकत सांगता आली असती. ती खरी होती, आणि विवेकला पटलीही असती. तो हसलाही असता कदाचित. पण काउंटरवरच्या त्या मुलीला एक शब्द विचारला असता तर आपण इथं आलो नसतो. अटलांटाला फोन समोर होता, तोही लावला नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या मनातला हेतू काढत बसलेल्या माणसाला आपल्या मनातला आत्ता दिसला.

"कुणी नाही पाठवलं," ते म्हणाले. "मीच आलो."

तिकडे मागे पायल कुणाला तरी काहीतरी विचारत होती.

"खरं सांगताय?"

दाखवायला त्यांच्याकडे काही नव्हतं. एकही पुरावा त्यांच्या बाजूचा नव्हता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना वाटलं की समोरच्या माणसानं तो मागू नये, नुसतं आपलं म्हणणं खरं धरावं.

"हो रे," शंकरराव म्हणाले, "खरं," आणि रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाशी धरून उभे राहिले.